कायमधारा आणि बंगालची रयत

१७९३ साली लॉर्ड कॉर्नवॉलिसने बंगालमध्ये कायमधारा लागू केला. जमीनदाराने अंदाजित खंडाच्या अकरा हिश्शांपैकी दहा हिस्से सरकारात भरावयाचे, ही रक्कम कायमची ठरली. रयतेने जमीनदाराला किती द्यावे, हे मात्र ठरले नाही. सारी मेख येथेच आहे. आरंभी भरणा चुकल्याने कित्येक जुन्या जमीनदाऱ्या लिलावात गेल्या. पुढे नवी जमीन लागवडीखाली आली, नीळ व ताग परमुलखी जाऊ लागले, धान्याचे भाव चढले. ही वाढ सरकारला मिळाली नाही, कुळाच्या घरीही फारशी राहिली नाही. जमीनदार, पत्तनीदार, दरपत्तनीदार अशा थरांतच ती मुरली. वर्धमानच्या राजाने रूढ केलेल्या पत्तनीला १८१९ साली कायद्याची मान्यताही मिळाली. कुळाला संरक्षण लाभले ते १८५९ मध्ये. तेही सलग बारा वर्षे जमीन कसल्याचे सिद्ध केले तर. आणि लेखी पुरावा त्याच्यापाशी असणार कोठून?