लुगड्याची पिशवी आणि बाईची मजुरी



२०१८ साली राज्यात प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली. आता बचत गटाच्या बाया जुन्या लुगड्यांच्या पिशव्या शिवून विकतात, त्या पैशातून तळ्यातला गाळ काढायचा म्हणतात. काम चांगलं आहे, पण हिशेब मांडा. समजा, दोरा-बंदाला ५ रुपये, शिलाईची मजुरी २०. पिशवी २० ला विकली, दोरा-बंद वजा जाता १५ तळ्याला दिले. याला नफा म्हणायचं? ते १५ बाईच्या मजुरीतले. तिच्या हाती शून्य!

कांदा-कापूस तोट्यात विकावा लागतो म्हणून आपण रस्त्यावर उतरतो, आणि घरात तेच करतो? पिशवी ३० ला विका. आधी मजुरी चुकती करा, उरले ५ तळ्याला. कमी पडलं तर साऱ्या गावानं वर्गणी काढावी. तळं साऱ्या गावाचं आहे.