सैनिकांची स्मृती आणि गावाची नोंदवही

(सशस्त्र सेना ध्वजदिनानिमित्त भरलेल्या सरपंच, ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक व शासकीय कर्मचारी यांच्या जिल्हा मेळाव्यात एका निवृत्त जिल्हा सैनिक कल्याण अधिकाऱ्यांनी केलेले भाषण)



दर वर्षी ७ डिसेंबर रोजी आपण सशस्त्र सेना ध्वजदिन पाळतो. १९४९ पासून ही प्रथा चालत आली आहे. छातीवर लहानसा ध्वज लावावा, यथाशक्ती निधी द्यावा आणि सैनिकांचे स्मरण करावे, असा या दिवसाचा साधा अर्थ आहे. निधिसंकलनाविषयी माझ्यापूर्वीच्या वक्त्यांनी सांगितलेच आहे. मी आज पैशाविषयी बोलणार नाही. ज्याला पैसा फारसा लागत नाही, परंतु वेळेवर केले नाही तर पुढे कितीही पैसा खर्चून जे साधत नाही, अशा एका कामाकडे मला आपले लक्ष वेधावयाचे आहे. ते काम म्हणजे आपल्या गावातून सैन्यात गेलेल्या माणसांची नोंद.

वीरगळ आणि फलक

आपल्यापैकी पुष्कळांच्या गावी देवळाच्या आवारात अथवा वेशीपाशी वीरगळ उभा असेल. त्याच्या खालच्या चौकटीत लढाई दाखविलेली असते. गाई सोडविण्यासाठी वीर लढला असेल तर गाईही असतात. मधल्या चौकटीत अप्सरा त्याला स्वर्गास नेत असतात. वरच्या चौकटीत तो शिवलिंगापुढे हात जोडून बसलेला असतो आणि माथ्यावर चंद्रसूर्य असतात. चंद्रसूर्य असेतो या पुरुषाची कीर्ती राहावी, अशी त्यामागील भावना. मुंबईत बोरिवलीनजीक एकसर येथील वीरगळांवर तर नौकांची लढाई कोरलेली आहे. तेराव्या शतकातील शिलाहार आणि यादव यांच्या झुंजीचे ते चित्रण असावे, असे अभ्यासकांनी मानले आहे.

म्हणजे सैनिकाचा गौरव करणे आपल्याला कोणी बाहेरून शिकविलेले नाही. तथापि यांपैकी बहुतेक दगडांवर अक्षर नाही. चंद्रसूर्य आजही दिसतात. वीराचे नाव मात्र कोणास सांगता येत नाही. गावकरी त्याला शेंदूर लावतात, देव मानतात. पण तो कोणाचा कोण, हे विचारले तर गाव गप्प होते.

पहिल्या महायुद्धानंतर तत्कालीन सरकारने अनेक गावांत संगमरवरी फलक बसविले. गावातून किती माणसे युद्धास गेली आणि त्यांपैकी किती परतली नाहीत, एवढाच त्यांवरील मजकूर. सातारा जिल्ह्यातील अपशिंगे गावचे ४६ जवान त्या युद्धात कामी आले आणि ते गाव पुढे ‘अपशिंगे मिलिटरी’ या नावाने प्रसिद्ध झाले. असे फलक सातारा, रत्नागिरी, रायगड या जिल्ह्यांत आजही आढळतात. आकडा राहिला, याबद्दल समाधान मानावयास हवे. पण आकडा हे कोणाचे नाव नव्हे.

नाव कोरण्याचे महत्त्व

ही उणीव केवळ आपल्या गावांतील नाही. पहिल्या महायुद्धात सहावी पुणे डिव्हिजन आजच्या इराकमध्ये लढत होती. १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी तीत होत्या. डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत या फौजेने कुत येथे वेढा सोसला. अन्न संपले, शरणागती पत्करावी लागली, आणि त्यानंतरच्या बंदिवासात फार मोठ्या संख्येने जवान मृत्युमुखी पडले. तिकडे मरण पावलेल्या ४० हजारांहून अधिक सैनिकांचे स्मारक बसरा येथे उभारले गेले. त्यावर ब्रिटिश अधिकाऱ्यांची व शिपायांची नावे आहेत, हिंदी अधिकाऱ्यांचीही आहेत. हिंदी जवानांची मात्र पलटणवार संख्याच दिली आहे. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाने नेमलेल्या समितीने २०२१ च्या अहवालात हा पक्षपात मान्य केला. आशिया व आफ्रिकेतील किमान १ लाख १६ हजार मृत सैनिकांचे नावानिशी स्मरण झाले नाही, कित्येकांचे तर मुळीच झाले नाही, असा त्या समितीचा निष्कर्ष आहे. शंभर वर्षांनंतर आता ती नावे शोधावी लागत आहेत.

याउलट नाव कोरलेले असेल तर काय घडते, हे कोरेगाव भीमा येथे दिसते. १ जानेवारी १८१८ च्या लढाईनंतर उभारलेल्या त्या स्तंभावर कंपनीच्या पडलेल्या शिपायांची नावे आहेत आणि त्यांत महार सैनिक पुष्कळ आहेत. ती लढाई कोणाची व कोणाविरुद्ध, याविषयी इतिहासकार आपापले मत मांडतील. मी एवढेच म्हणेन की, ज्यांना पुढे लष्करभरतीस अपात्र ठरविले गेले, त्यांच्या हाती आपल्या सैनिकी परंपरेचा पुरावा म्हणून ती दगडावरील नावेच राहिली होती. १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्या स्तंभाजवळ गेले, आणि १९४१ साली महार रेजिमेंट उभी राहिली. नाव हा पुरावा असतो, तो असा.

आणखी एक उदाहरण देतो. माणगाव तालुक्यातील पळसगावचे नाईक यशवंत घाडगे पाचव्या मराठा पलटणीच्या तिसऱ्या बटालियनमध्ये होते. १० जुलै १९४४ रोजी इटलीत टायबर नदीच्या खोऱ्यात शत्रूच्या मशीनगनने त्यांच्या तुकडीतील बाकीचे सारे जवान ठार वा जखमी केले. ते एकटे धावून गेले, बॉम्बगोळा फेकून मशीनगन बंद पाडली. बंदुकीतील गोळ्या संपल्या तेव्हा तिचा दस्ता करून ते लढले आणि अखेर शत्रूच्या गोळीने पडले. त्या वेळी त्यांचे वय अवघे २२ वर्षांचे होते. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांची समाधी कोठे आहे हे ज्ञात नाही. कॅसिनो येथील स्मारकावर त्यांचे नाव आहे. माणगावला त्यांचा पुतळा आहे. आणि २०२३ साली इटलीतील माँटोने या छोट्याशा गावाने त्यांच्या नावे छायाघड्याळाचे स्मारक उभारले. जवळजवळ ८० वर्षांनंतर परक्या देशातील एका गावाला आपल्या कोकणातील तरुणाचे स्मरण करता आले, कारण त्याचे नाव, पलटण, दिवस आणि ठिकाण लिहिलेले होते.

नोंदीवर घर उभे असते

सज्जनहो, नोंद ही केवळ इतिहासाची हौस नव्हे. माझ्या सेवाकाळातील एक अनुभव सांगतो. एक वृद्ध माता कार्यालयात आल्या. त्यांचे पती सैन्यातून निवृत्त होऊन पुढे वारले होते. कुटुंब निवृत्तिवेतनासाठी त्यांनी अर्ज केला, तेव्हा असे दिसले की सेवाभिलेखात पत्नीचे नाव वेगळेच आहे. आपल्याकडे लग्नात मुलीचे नाव बदलण्याची रीत आहे. पतीने भरतीनंतर माहेरचे नाव सांगितले असावे. शिधापत्रिकेवर आणि मतदार यादीत सासरचे नाव होते. दोन्ही नावांची बाई एकच, हे सिद्ध करण्यात १४ महिने गेले. त्या काळात त्या दुसऱ्याच्या शेतावर खुरपणीला जात होत्या. शेवटी प्रश्न सुटला तो गावच्या शाळेतील जुन्या जनरल रजिस्टरमुळे. त्यांच्या मुलीचे नाव दाखल करताना कोण्या गुरुजींनी आईची दोन्ही नावे लिहून पुढे ‘वडील पलटणीत’ असा शेरा मारून ठेवला होता. त्या गुरुजींना आपण काय करीत आहोत, याची कल्पनाही नसेल. पण त्यांच्या एका ओळीने एका सैनिकाच्या घरची चूल पेटती राहिली.

म्हणून मी म्हणतो, सैनिकाचा सन्मान आणि सैनिकाचा वारसा ही दोन कामे नव्हेत. दोहोंचा पाया एकच नोंद आहे.

काय टिकते, काय नाहीसे होते

मोठ्या वस्तू जपणे अवघड असते. १९७१ च्या युद्धात बंगालच्या उपसागरात कामगिरी बजावलेली ‘विक्रांत’ ही विमानवाहू नौका १९९७ साली निवृत्त झाली. मुंबईत काही वर्षे ती संग्रहालय म्हणून उभी होती. पण देखभालीचा भार पेलला नाही आणि २०१४ साली ती मोडीत निघाली. दुसरीकडे, जुलै २०२५ मध्ये शिवकालीन व मराठा लष्करी परंपरेतील १२ किल्ल्यांना जागतिक वारशाचा मान मिळाला. त्यांपैकी ११ महाराष्ट्रात आहेत. अशा गोष्टींची चिंता वाहण्यास शासन आहे, संस्था आहेत. पण कोण्या आजोबांच्या पत्र्याच्या पेटीतील डिस्चार्ज बुक, रणभूमीवरून आलेले पत्र, मृत्यूची वार्ता देणारी तार यांची चिंता गावाने नाही वाहिली तर कोणीच वाहणार नाही. १९९९ च्या कारगिल युद्धापूर्वी वीरगती पावलेल्या जवानांवर बहुधा रणभूमीजवळच अंत्यसंस्कार होत. १९६२, १९६५ व १९७१ च्या युद्धांतील अनेक घरांत त्या तारेखेरीज दुसरी खूण नाही.

पदकांची कथाही अशीच. महायुद्धातील पदकाच्या कडेवर सैनिकाचा क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण बारीक अक्षरांत कोरलेली असते. कित्येक पदके अडचणीच्या काळात चांदीच्या भावाने मोडीत गेली. जी उरली ती घासून घासून लखलखीत करू नका. त्या घासण्याने कडेवरचे नाव झिजते.

आपण काय करावे

आता प्रत्यक्ष काम. प्रत्येक ग्रामपंचायतीने ‘ग्राम सैनिक नोंदवही’ सुरू करावी. तीत प्रत्येक सैनिकाचे पूर्ण नाव, जन्मवर्ष, सैनिक क्रमांक, पलटण, भरती व निवृत्तीचे वर्ष, कोठे सेवा केली, पदके, पत्नीचे माहेरचे व सासरचे नाव आणि वारस एवढी माहिती असावी. भूदल, नौदल, वायुदल असा भेद नसावा. जो रणांगणात पडला त्याचे नाव जसे असावे, तसेच जो वीस वर्षे सीमेवर उभा राहून सुखरूप परत आला त्याचेही असावे. आणि स्वयंपाकी, पाणके, मजूर म्हणून सैन्याबरोबर गेलेल्यांचेही असावे. नावे भरतीच्या वर्षानुसार लिहावीत. जात, भावकी वा पक्ष यांनुसार नव्हे. नोंदवही ग्रामसभेत वर्षातून एकदा वाचावी, म्हणजे चुका तेथेच दुरुस्त होतील. वारसांचे क्रमांक, कागदपत्रे अशी खाजगी माहिती मात्र दप्तरातच राहावी.

शिक्षकांना माझी विनंती अशी की, सातवी-आठवीच्या मुलांकडून वृद्ध सैनिकांच्या आठवणी लिहून घ्याव्यात. मुले विचारतात तेव्हा म्हातारी माणसे मोकळेपणाने बोलतात. लढाईच्या पराक्रमाबरोबर थंडी, रजा, घरची ओढ, सोबत्याचा मृत्यू हेही लिहू द्यावे. युद्धाचे भाबडे कौतुक मुलांना शिकवावयाचे नाही. कर्तव्याची किंमत काय असते, हे कळावयास हवे.

शासकीय कर्मचाऱ्यांनी पुढची कडी जोडावी. माहिती अपुरी असेल तर ती पलटणीच्या अभिलेख कार्यालयाकडून मिळू शकते. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र बेळगावला, महार रेजिमेंटचे सागर येथे, बॉम्बे सॅपर्सचे खडकीला, गार्ड्सचे कामठीला, तर तोफखान्याचे अभिलेख कार्यालय नाशिकला आहे. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत पत्रव्यवहार केल्यास तो योग्य ठिकाणी पोहोचतो. ज्यांच्या सेवाभिलेखात नावाची तफावत आहे, त्यांची यादी आजच करावी. सैनिक हयात असताना जी दुरुस्ती एका अर्जाने होते, तीच नंतर विधवेला वर्षभर हेलपाटे घालावयास लावते.

वीरगळ व जुने फलक यांविषयी एवढेच सांगतो की, त्यांना तैलरंग देऊ नका, सिमेंटात बसवू नका, ॲसिडने धुऊ नका, जागेवरून हलवू नका. छायाचित्र काढा, जागा लिहून ठेवा आणि पुरातत्त्व विभागास कळवा. जुन्या फलकावरील आकडा पुसू नका. त्याच्या शेजारी, शोध घेऊन खात्री झालेली नावे नव्या दगडावर कोरा.

आपल्या संस्कृतीचा वारसा जपणे हे १९७६ पासून संविधानात नमूद झालेले नागरिकाचे मूलभूत कर्तव्य आहे. परंतु केवळ कर्तव्य म्हणून नव्हे, तर ऋण म्हणून हे काम हाती घ्यावे, अशी माझी प्रार्थना आहे. आपल्या गावात आज नव्वदीच्या घरात असलेला एखादा माजी सैनिक असेल. बांगला देशच्या युद्धाची हकीगत त्याला ठाऊक आहे, सोबत्यांची नावे त्याला आठवतात. पुढच्या ध्वजदिनापर्यंत थांबू नका. उद्या सकाळी वही घेऊन त्याच्या ओसरीवर जाऊन बसा, आणि पहिले नाव लिहा.



जय हिंद! जय महाराष्ट्र!