पऱ्हाटी आणि गोवरी

अक्षय्य तृतीयेची गोष्ट सांगतो. आमच्या जळगाव जामोदचा एक पोरगा गाडी घेऊन भेंडवळला पाऊस-पिकांचं भाकीत सांगणारी घटमांडणी पाहायला गेला. संध्याकाळी घट मांडून झाले, रात्री मुक्काम. पहाटे भाकीत ऐकलं, गाडीत बसून किल्ली फिरवली, तर 'कट' असाही आवाज नाही! मीही तिथंच होतो, बॉनेट उघडलं. आत बॅटरीच नाही. तिच्या जागी सहा गुबगुबीत सुपरकॅपॅसिटर, एकापुढे एक जोडलेले. "काका, मोबाइलवर बघून केलं. एका झटक्यात सुरू होते गाडी."

होते रे बाबा. पण कधी?

आपल्याकडं चूल पेटवायला कपाशीची वाळकी पऱ्हाटी लागते. काडी लावली की भडका, आणि चहा उकळायच्या आत राख. रात्रभर निखारा धरून ठेवते ती गोवरी. कॅपॅसिटर म्हणजे पऱ्हाटी. स्टार्टरला सेकंदभर शे-दीडशे अँपिअर लागतात, ते तो हसत देतो, लाखो वेळा देतो. पण साठा विचाराल तर २.७ व्होल्ट, ५०० फॅरडचे सहा नग मिळून गाडीच्या १४ व्होल्टवर सव्वादोन वॅट-तासांच्या आसपास. ३५ अँपिअर-तासाच्या साध्या बॅटरीत चारशेच्या वर असतात. गाडी उभी असली तरी घड्याळ, अलार्म, लॉक थोडी वीज चाटतच असतात. ३० मिलिअँपिअर धरा. तीन तासांत १४ व्होल्टचे १० होतात. म्हणजे नऊला उभी केलेली गाडी बाराला गार. भाकीत पहाटे!

त्या पोराचंही अगदीच चूक नाही. आमच्या उन्हाळ्यात पारा ४२-४३ला जातो, शिशाच्या बॅटरीच्या पट्ट्या सडतात, दर दोन-तीन वर्षांनी खिशाला चाट. पण कॅपॅसिटरला तरी ऊन कुठं मानवतं? बहुतेकांवर ६५ अंशांची मर्यादा लिहिलेली असते, आणि मे महिन्यात बॉनेटखाली हात घालून बघा एकदा.

म्हणून सांगतो, बॅटरी काढू नका. कॅपॅसिटर तिच्या जोडीला लावा. गोवरीवर पऱ्हाटी ठेवली की फुंकर पुरते. म्हातारी बॅटरी सावकाश कॅपॅसिटर भरते, झटका तो देतो. २०१० साली फ्रान्सच्या पूजो-सिट्रोएननं सिग्नलला आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होणाऱ्या डिझेल गाड्यांत सुपरकॅपॅसिटर घातले. बॅटरी काढली का त्यांनी? नाही. जागेवरच ठेवली. ऐकताय ना? जागेवरच!

आणि रिकामा कॅपॅसिटर बॅटरीला थेट टेकवू नका, ठिणगी डोळ्यांसमोर येईल. मध्ये हेडलाइटचा बल्ब जोडा. तो आधी लख्ख पेटेल, मग मंद होत विझेल. विझला की समजा, भरला. हातातली अंगठी काढा, पाना दोन टोकांवर आडवा पडला तर टेकेल तिथं वितळून चिकटेल.

आता सहा नगांत समतोल राखणारी पट्टी... ती नसेल तर एखादा नग जास्त व्होल्ट खातो, फुगतो, आणि... बरं बरं, स्टुडिओच्या काचेपलीकडून हात हलतोय. पट्टी मात्र लावाच हं. आणि बॅटरी काढू नका.