अल्प उत्पन्नावरील कर आणि रोजगार

अंदाजपत्रकाचे दिवस आले कीं, कर कमी केल्यानें लोकांस कामें मिळतात, असें विधान ऐकूं येतें. तें ऐकावयास गोड असलें तरी अपुरें आहे. कर कोणाचा कमी केला, आणि त्यामुळें पडलेली तूट सरकारनें कोठून भरून काढली, या दोन प्रश्नांचा उलगडा झाल्यावांचून त्याची सत्यता ठरत नाहीं. ही पारख करण्यास अमेरिकेचें उदाहरण सोयीचें आहे. कारण तेथें मध्यवर्ती सरकारप्रमाणेंच बहुतेक घटक राज्येंहि उत्पन्नावर कर घेतात.

पहिला प्रश्न सोपा आहे. महिनाअखेर कशीबशी गांठणाऱ्या कुटुंबाच्या हातीं शंभर डॉलर उरले, तर ते लवकरच बाजारांत जातात. मुलाचे जोडे येतात, दंतवैद्याचें थकलेलें देणें फिटतें. दुकानदाराची विक्री वाढली म्हणजे त्यास हाताखालीं आणखी माणूस लागतो. धनिकाच्या हातीं तेच शंभर डॉलर आले, तर त्याच्या खर्चांत फारसा फरक पडत नाहीं. ओवेन झिडार या अर्थशास्त्रज्ञानें दुसऱ्या महायुद्धानंतरच्या मध्यवर्ती करबदलांचा निरनिराळ्या राज्यांवरील परिणाम तपासून २०१९ सालीं निबंध प्रसिद्ध केला. रोजगाराची वाढ मुख्यतः खालच्या नव्वद टक्के लोकांच्या करकपातींतून होते, वरच्या दहा टक्क्यांच्या कपातीचा परिणाम अल्प असतो, असें त्यास आढळलें.

परंतु दुसरा प्रश्न येथेंच उभा राहतो. मध्यवर्ती सरकार कर्ज काढून तूट सोसूं शकतें. राज्यांस बहुधा जमाखर्चाचा मेळ घालावाच लागतो. कॅन्सस राज्यानें २०१२ सालीं प्राप्तिकराचे दर उतरविले आणि लहानमोठ्या अनेक धंद्यांचा नफा करमुक्त केला. रोजगाराची भरभराट होईल, असें गव्हर्नर सॅम ब्राऊनबॅक यांचें म्हणणें होतें. भरभराट आली नाहीं. तिजोरी मात्र आटली. मग २०१५ सालीं विक्रीकर ६.१५ वरून ६.५० टक्के करावा लागला, आणि तो कर तेव्हां अन्नधान्यावरहि होता. म्हणजे धंदेवाल्यास दिलेली सूट गरिबाच्या पावामागें वसूल झाली! अखेर २०१७ सालीं विधिमंडळानें गव्हर्नरांचा नकार डावलून ती योजना मोडीत काढली.

शिवाय ज्याचा प्राप्तिकर मुळांतच थोडा, त्यास दर उतरवून मिळणार तें किती? म्हणून मध्यवर्ती सरकारनें १९७५ सालीं श्रमाच्या कमाईवर अशी सवलत सुरू केली कीं, कर देणें नसलें तरी कष्टकऱ्याच्या हातीं रोख रक्कम यावी. पुढें अनेक राज्यांनीं तिला आपली जोड दिली.

योगायोग असा कीं, त्याच १९७५ सालीं महाराष्ट्रानें उलट वाट धरली. नोकरदार व व्यावसायिक यांवर व्यवसाय कर बसवून त्याचें उत्पन्न रोजगार हमीच्या कामीं लावलें. मुंबईच्या कारकुनाच्या पगारांतून कापलेल्या रुपयांनीं दुष्काळी गांवच्या मजुरास बंधाऱ्यावर काम मिळालें. येथें कर सोडून नव्हे, तर घेऊन रोजगार निर्माण झाला. घटनेच्या मर्यादेमुळें हा कर माणशीं वर्षास २,५०० रुपयांहून अधिक घेतां येत नाहीं. २०२३ सालीं दरमहा २५,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्या स्त्रियांस त्यांतून मुक्त करण्यांत आलें. त्या गृहिणीच्या हातीं उरलेल्या पैशानें गल्लींतील वाण्याचें व शिंप्याचें भलें होईल, यांत संशय नाहीं. मात्र तेवढी रक्कम बंधाऱ्यावरील मजुरींतून वजा होऊं नये.

तात्पर्य, अल्प उत्पन्नाच्या माणसास दिलेली सूट रोजगारास पोषक असते, हें खरें. पण राज्यानें तिच्यासाठीं एखाद्या शिक्षकास घरीं बसविलें, तर दुकानदारास एक गिऱ्हाईक मिळतें आणि दुसरें तुटतें. करकपातीची घोषणा कानीं पडेल तेव्हां सुज्ञ श्रोत्यांनीं सुटीच्या रकमेबरोबर ती भरून काढण्याची सोयहि विचारावी. या दुसऱ्या उत्तरावरच त्या घोषणेंतून कामें मिळतील कीं जातील, हें ठरतें.