शिडाची होडी आणि कापलेले जाळे



औशाच्या माणसाने समुद्रावर बोलावे याचे आपणांस हसू येईल. आपल्याकडे तावरजेला पाणी आले तरी लोक पाहायला जातात! परंतु संघटनेच्या कामानिमित्त आमचे मालवणला जाणे झाले आणि तेथल्या खलाशांच्या ओळखीने देवबागपासून निवतीपर्यंतचा किनारा शिडाच्या होडीतून पाहावयास मिळाला.

इंजिनाची होडी लवकर पोचते, पण तिच्या धडधडीत दुसरे काही ऐकू येत नाही. शिडाच्या होडीत डॉल्फिन दिसण्याआधी कानी पडतो, 'फुस्' असा त्याचा श्वास. तो मासा नव्हेच; आपल्यासारखा फुप्फुसाने श्वास घेणारा, पिलाला दूध पाजणारा प्राणी आहे. कोकणात त्याला गादा म्हणतात. कर्लीसारख्या नदीच्या मुखाशी, उथळ पाण्यात वावरणारी जात पाठीवर कुबड असलेली. आम्ही पाण्याकडे डोळे लावून बसलो होतो. आमचा तांडेल मात्र आभाळाकडे पाहत होता. कुरव पक्षी एका जागी घिरट्या घालून झेपा घेऊ लागले की खाली माशांचा थवा आहे असे समजावे, आणि थव्यामागे गादे येतात. कुबडावर लहानसा पर दिसतो. पर नसलेली गुळगुळीत पाठ दिसली तर तो बिनपराचा पॉरपॉइज. नवख्याला तो सहसा सापडत नाही. कासव डोकेच तेवढे वर काढते. आम्हांला तो तरंगता नारळ वाटला.

आम्ही पाहुणे, आम्हांला मौज. तांडेलाच्या जाळ्यातले मासे मात्र गादा ओढून नेतो, जाळेही फाडतो. कासव किंवा व्हेल शार्कसारखी अजस्र मुशी अडकली तर तिला जिवंत सोडावे लागते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे तिला संरक्षण आहे. व्हेल शार्कला ते २००१ साली मिळाले. सोडायचे म्हणजे पुष्कळदा जाळे कापायचे. महाराष्ट्र शासनाने २०१८ साली अशा जाळ्यासाठी २५,००० रुपयांपर्यंत भरपाईची योजना काढली, हे योग्यच झाले. जनावर सगळ्यांचे, तर तोटा एकट्याचा का?

पण भरपाई जाळ्याची, आणि जाळे बहुधा मालकाचे. खलाशी मिळालेल्या मासळीत वाटा घेतो. जाळे कापले त्या फेरीचा त्याचा वाटा बुडाला, तो कोणत्या कागदावर लिहायचा? आमचे म्हणणे, तोही अर्जात धरावा. तांडेलाला हे पटले. मात्र तो म्हणाला, अर्ज लिहायला बसू तेवढ्यात ओहोटी लागते.