पत्रक वाचा, हिशेब मागा
(रिछाई येथील कामगार मेळाव्यातील भाषण)



सभेला येताना एका सहकाऱ्याने माझ्या हातात चार पानी रंगीत पत्रक ठेवले. एका खासदाराचे महिनाभराचे कार्य त्यात छापले आहे. नाव आणि पक्ष मी सांगत नाही, कारण अशी पत्रके सगळ्यांचीच निघतात. तो म्हणाला, "भाऊ, कामे तर पुष्कळ दिसतात. पण यात आपले काय?" आज मी याच प्रश्नावर बोलणार आहे.

निवडून आल्यावर पाच वर्षे तोंड न दाखवणाऱ्यापेक्षा दर महिन्याला पत्रक काढणारा बरा, हे आधी मान्य करू. पण जाहिरात वेगळी आणि हिशेब वेगळा. हिशेबात झालेल्या कामाबरोबर राहिलेले कामही लिहावे लागते.

पत्रकात पहिली कामे असतात खासदार निधीची. ही योजना डिसेंबर १९९३ मध्ये सुरू झाली. आज एका खासदारामागे वर्षाला ५ कोटी रुपये ठरलेले आहेत. हा पैसा खासदाराच्या खिशातला नाही, तुमच्या-आमच्या करातला आहे. खासदार काम सुचवतो, मंजुरी आणि अंमलबजावणी जिल्हा प्रशासनाकडे असते. म्हणून विचारावे : काम सुचवले केव्हा, खर्च किती झाला, पुरे झाले का?

दुसरी कामे रेल्वेची. "मंजूर करून आणले" हे शब्द फार स्वस्त झाले आहेत. आपल्या जबलपूर-गोंदिया मार्गाचेच बघा. छोटी लाइन मोठी करण्याची मंजुरी १९९६-९७ ची. जबलपूर-नैनपूर छोटी गाडी २०१५ साली बंद झाली आणि गोंदियापर्यंत सलग मोठी लाइन व्हायला २०२० साल उजाडले. मधल्या काळात किती निवडणुका झाल्या आणि किती जणांनी याच कामाचे हार घालून घेतले, ते मोजा. रेल्वेचे पिंक बुक दर वर्षी अर्थसंकल्पाबरोबर निघते. त्यात कामाचा अंदाजे खर्च आणि यंदाची तरतूद दिलेली असते. एका हातात पत्रक आणि दुसऱ्या हातात पिंक बुक धरा. तिथे हजार रुपयांची नाममात्र तरतूद दिसली, तर यंदा कुदळ पडणार नाही हे समजून घ्या.

तिसरे आणि खासदाराचे मूळ काम म्हणजे कायदे करणे. नेमके तेच पत्रकात सापडत नाही. १ जानेवारी २००४ पासून लागलेल्यांची जुनी पेन्शन गेली. २०१३ साली संसदेने नव्या पद्धतीचा कायदा केला. १ एप्रिल २०२५ पासून युनिफाइड पेन्शनचा पर्याय आला. टपाल खात्याचा १८९८ चा कायदा जाऊन २०२३ चा आला, तोही आवाजी मतदानाने. आवाजी मतदानात कोण काय म्हणाले याची नोंद राहत नाही. सभागृहात मतविभागणी मागितली, तरच कोण कुठल्या बाजूला ते कळते.

मी जुन्या पेन्शनचा माणूस आहे. समोरच्या रांगेत बसलेला ट्रॅकमन नव्या पेन्शनचा. मी गप्प बसलो तर माझे काही बिघडत नाही, त्याचे म्हातारपण बिघडते. म्हणून मी बोलतो आहे.

हिशेब मानणारे लोकप्रतिनिधी या देशाने पाहिले आहेत. १९७६ साली आणीबाणीत लोकसभेची मुदत वाढवली गेली. "लोकांनी पाच वर्षांसाठी निवडले होते, पुढचा हक्क आम्हाला नाही," अशी भूमिका घेऊन मधु लिमये आणि आपल्या जबलपूरचे शरद यादव यांनी तुरुंगातून राजीनामे दिले. १९७७ साली मधु दंडवते रेल्वेमंत्री झाले. १९७४ च्या संपात कामावरून काढलेल्यांना त्यांनी परत घेतले, आणि दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बर्थवर फोमच्या गाद्या आणल्या. ते काम कळायला पत्रक वाचावे लागले नाही, प्रवाशाच्या पाठीलाच ते कळले.

आता स्वतःकडे येतो. दुसऱ्याकडे हिशेब मागणाऱ्याने आधी आपला द्यावा. गेल्या महिन्यात माझ्याकडे तेवीस अर्ज आले. नऊ सुटले, चौदा राहिले. त्या चौदांपैकी तीन माझ्याच टेबलावर पडून राहिले, ती चूक माझी. यापुढे दर महिन्याच्या दहा तारखेला हे आकडे युनियनच्या फलकावर लागतील. लागले नाहीत, तर मला भर सभेत विचारा.

आणि आज घरी गेल्यावर प्रत्येकाने आपल्या खासदाराला एक पोस्टकार्ड टाकावे. त्यात तीनच प्रश्न लिहा : पेन्शनवर आपण सभागृहात काय बोललात? मतविभागणी मागितलीत का? आमचे कोणते काम राहिले आहे? कार्ड टपालातले आपलेच भाऊ पोचवतील. उत्तर आले तर फलकावर लावू. नाही आले, तर तेही लिहून लावू.

कामगार एकजुटीचा विजय असो!