निवेदनात काय मागाल?



आज पदवी घेणाऱ्या तुम्हा सर्वांचं अभिनंदन. बाकीचं कौतुक घरी होईलच. मी आपला माझ्या जुन्या दुखण्याकडे वळतो.

मी रसायनशास्त्राचा मास्तर. कुलगुरू झालो तेव्हा वाटलं, आता विद्येचा कारभार बघायचा. टेबलावर आलं काय, तर वसतिगृहाच्या टाकीची निविदा, न्यायालयाच्या नोटिसा आणि एका पुढाऱ्याचा फोन : "सर, आमच्या कॉलेजच्या संलग्नतेचं तेवढं बघा." त्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत नळ होते, पाणी नव्हतं. आमच्या समितीनं नकार कळवला, मंत्रालयातून परवानगी आली.

डॉ. अप्पासाहेब पवार १९६२ साली कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले आणि १९७५ पर्यंत राहिले. इतिहासाच्या या माणसानं माळावर विद्यापीठ उभं केलं. आता कुलगुरूला कायद्यानं पाच वर्षं, त्याआधी पासष्टी आली तर तेवढीही नाहीत, आणि पुन्हा नेमणूक नाही. पहिलं वर्ष माणसं ओळखण्यात जातं, शेवटचं सत्कारात. मध्ये विद्यापीठाचा दर्जा तपासायला नॅकची समिती येते. आमच्याकडे तेव्हा नर्सरीतून भाड्यानं कुंड्या आणल्या होत्या. समितीची गाडी फाटकाबाहेर पडली आणि कुंड्यांचा टेम्पो आत आला!

निकालांवरून मात्र मी फार शिव्या खाल्ल्या. कायदा म्हणतो, परीक्षेनंतर तीस दिवसांत निकाल, फार तर पंचेचाळीस. बरोबर आहे. पण पेपर तपासायचे कोणी? विभागात मंजूर पदं कागदावर, वर्गात तासिका तत्त्वावरचे प्राध्यापक. त्यांना सुट्टीत छदाम नाही, झालेल्या तासांचं बिलही कित्येक महिने अडकलेलं. नेट झालेला, पीएच.डी. असलेला एक मुलगा माझ्याकडे आला. पगार मागायला नव्हे, अनुभवाचं प्रमाणपत्र मागायला. लग्न ठरत होतं, मुलीकडच्यांना 'प्राध्यापक' असा शिक्का दाखवायचा होता. मी सही केली. पद भरायची सही माझ्या हातात नव्हती. शासनाची मान्यता, आर्थिक भार, आरक्षणाची बिंदुनामावली, मग निवडणुकीची आचारसंहिता. फाइल फिरतच राहिली.

म्हणून पुन्हा पुन्हा सांगतो : शिक्षकांच्या जागा रिकाम्या ठेवून चालवलेलं विद्यापीठ हे फक्त परीक्षा मंडळ असतं. तिथे प्रश्न विचारणारा मुलगा तयार होत नाही, कारण उत्तर द्यायला थांबणारा माणूसच नसतो. तास संपला की तो दुसऱ्या कॉलेजची एसटी पकडायला पळतो.

माझ्या दालनासमोर विद्यार्थ्यांनी घोषणा दिल्या, घेराव घातले. निवेदनं गठ्ठ्यांनी आली : परीक्षा पुढे ढकला, एटीकेटीची सवलत द्या, मेसचं जेवण सुधारा. 'आमच्या विभागाला कायमचे शिक्षक द्या' असं एकाही निवेदनात नव्हतं. आज पीएच.डी. घेणाऱ्यांपैकी बरेच जण उद्या त्याच तासिकेच्या रांगेत उभे राहणार आहेत. तेव्हा पदवी हातात आहे तोवर हे निवेदन लिहा. एक प्रत कुलगुरूंना, एक कुलपतींना, एक उच्चशिक्षण मंत्र्यांना. पहिले दोघे आज इथेच बसले आहेत, टपालखर्चही वाचेल.